सप्तकाची वाटणी

गणपती गावाला गेले आणि आमच्या घरात पेटीचा प्रश्न निघाला.

ही पेटी माझ्या वडिलांची. त्यांच्या भजनी मंडळात ती कित्येक वर्षे गुरुवारी आणि एकादशीला वाजली. वडील गेले, मंडळ पांगले आणि पेटी माळ्यावर गेली. तीन वर्षांपूर्वी कन्येला गाण्याची गोडी लागली, तेव्हा ती जुन्या धोतरात गुंडाळलेली पेटी पुन्हा खाली आली. तेव्हापासून सकाळी कन्येचा रियाज आणि संध्याकाळी आमच्या सौ.ची भजने, असा तिचा संसार पुन्हा सुरू झाला.

यंदा कन्या नव्या बाईंकडे शिकू लागली. पहिल्याच दिवशी बाईंनी तिच्याकडून भूप म्हणवून घेतला, शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "आवाज गोड आहे तुझा. पण गांधार पेटीचा आहे." एवढेच. पण कन्या घरी आली ती तोंड पाडून. रात्री ताटावरून उठताना तिने मला विचारले, "बाबा, आजोबांची पेटी बेसूर आहे का हो?"

प्रश्न साधा होता, पण मला लागला. ज्या पेटीवर वडिलांनी आयुष्यभर विठ्ठल आळवला, ती बेसूर? दुसऱ्याच दिवशी मी पेटीदुरुस्तीच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पेटी उघडली, भाता तपासला, एकेक पट्टी दाबून पाहिली आणि मान हलवली.

"सर, पेटी झकास आहे. दोन-तीन सूर उतरलेत तेवढे मिळवावे लागतील. बेसूर म्हणाल तर कुठलीच पेटी पुरती सुरात नसते. आता तुम्हीच सांगा, बारा सारखे ठेवू की गांधार ट्यूनिंग करू? गांधार केलं तर गोड लागेल, पण एकाच पट्टीत."

"एकाच पट्टीत म्हणजे?"

"ताईंची काळी चार ना? तर काळी चारमध्ये. वहिनी कुठून म्हणतात?"

"काळी पाच," स्वयंपाकघरातून उत्तर आले.

"मग वहिनींचा पंचम तुटेल."

"अहो, म्हणजे मी गायचंच नाही का?" सौ. बाहेर येऊन म्हणाली.

मिस्त्री हसले, मी मात्र विचारात पडलो. एका पेटीत मायलेकींचा सूर का मावू नये? माझा विषय मराठी. गणिताशी माझे नाते मॅट्रिकबरोबरच संपले होते. तरीही दिवाळीपर्यंतचे महिने मी ह्याच एका कोड्याच्या मागे घालवले. ते कोडे आणि त्यातली मौज आता वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात तंबोऱ्याच्या तारेपासून करू. तार छेडली की जो सूर निघतो तो सा. बरोबर मधोमध दाबून छेडली की वरचा सा मिळतो. तीन भाग करून त्यातले दोन भाग वाजू दिले की पंचम, आणि पाच भाग करून चार भाग वाजू दिले की शुद्ध गांधार. सोयीसाठी आपला सा सेकंदाला २०० आंदोलनांचा आहे असे धरू. मग वरचा सा ४०० चा, पंचम ३०० चा आणि गांधार २५० चा. किती नेटके आकडे! हे स्वर कोणी ठरवलेले नाहीत. २००, २५० आणि ३०० एकत्र वाजले की कान आपोआप सुखावतो, म्हणून ते तसे आहेत. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात खर्जाची तार छेडली की तिच्या पोटातून एक गांधार आपोआप ऐकू येतो. त्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात. तो हाच गांधार, वरच्या सप्तकातला.

आता पेटीकडे या. पेटीत दर सप्तकाला बारा पट्ट्या, आणि प्रत्येक दोन शेजाऱ्यांमधले अंतर अगदी सारखे. प्रत्येक पट्टीचा सूर आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट, म्हणजे बारा पायऱ्या चढल्या की बरोबर दुप्पट. ह्या हिशेबाने पेटीचा पंचम येतो सुमारे २९९.७ चा. चांगल्या कानालाही हा फरक सहसा कळत नाही. पण पेटीचा गांधार येतो जवळजवळ २५२ चा, म्हणजे दोन आंदोलनांनी चढा. सा आणि गांधार एकत्र धरले तर त्यांच्या पोटातले वरचे सूर एकमेकांशी भांडतात आणि सेकंदाला सुमारे आठ हेलकावे उठतात. आपल्याला सवय झालेली असते म्हणून ते जाणवत नाहीत. बाईंच्या कानाला जाणवले. पेटी नादुरुस्त नव्हती; तिने कन्येला आपला गांधार प्रामाणिकपणे शिकवला होता, इतकेच.

मग पहिला प्रश्न असा की, बारा सारखे भाग करावेतच कशाला? त्याचे उत्तर आमच्या घरातच होते. समजा, पेटी कन्येच्या काळी चारला शुद्ध मिळवली. तिचा सा २००, रिषभ २२५ आणि धैवत ३३३ च्या किंचित वर. सौ.चा सा काळी पाच, म्हणजे कन्येचा रिषभ, २२५. तिचा पंचम हवा ह्याच्या दीडपट, ३३७.५. पण त्या जागी पट्टी आहे ती कन्येच्या धैवताची, ३३३ ची. चार आंदोलनांची खोट! पंचमात एवढी खोट कोणत्याही कानाला खुपेल. मिस्त्री म्हणाले तो "तुटलेला पंचम" तो हाच. पोरीचा गांधार सुधारायचा तर आईचा पंचम मोडतो.

वाटेल तितके डोके चालवले तरी हा तिढा पूर्ण सुटत नाही, आणि त्याचे कारण शाळेतल्या मुलालाही समजण्यासारखे आहे. पंचम निघतो तीनच्या पाढ्यातून आणि सप्तक निघते दोनच्या पाढ्यातून. तीनला तीनने कितीही वेळा गुणा, येणारी संख्या विषमच. दोनला दोनने कितीही वेळा गुणा, येणारी संख्या समच. विषम आणि सम कधी बरोबर होत नाहीत. त्यामुळे पंचमाच्या पायऱ्या चढत गेलात तर वरच्या सा वर पाऊल कधीच नेमके पडत नाही. बारा वेळा दीडपट केली तर १२९.७५ येतात, सात वेळा दुप्पट केली तर १२८. अगदी जवळ आले, पण गाठ बसली नाही. ह्या "अगदी जवळ" मुळेच बाराचा आकडा जगभर चालला. उरलेली फट बारा जणांत सारखी वाटून टाकायची, की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी-थोडी येते आणि कोणी फारसे कुरकुरत नाही. वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीत भिंत कोणाच्या तरी खोलीतून जायचीच, तर ती सगळ्यांच्या खोलीतून वीत-वीतभर न्यावी, तसा हा प्रकार. चीनमधल्या मिंग घराण्यातला राजपुत्र चू त्साईयू ह्याने १५८४ च्या सुमारास ही समान वाटणी गणिताने काढून दाखवली, आणि तिकडे युरोपात सायमन स्टेव्हिन ह्यानेही त्यानंतर थोड्याच काळात ती मांडली.

ह्या वाटणीत पंचमाचे भले झाले, पण गांधाराचे नुकसान झाले. म्हणून दुसरा प्रश्न सुचतो: बाराऐवजी आणखी काही भाग केले तर? रुपयाचे सोळा आणे होते, पुढे १९५७ साली शंभर पैसे झाले. तसे सप्तकाचे नाणेही बदलून पाहावे, ज्यात पंचमाचेही देणे चुकते होईल आणि गांधाराचेही. जगातल्या पुष्कळ विद्वानांनी हा उद्योग केला आहे. त्यांची नाणी आपण आपल्या २०० च्या सा वर एकेक करून वाजवून पाहू. हवे आहेत २५० आणि ३००.

सप्तकाचे १९ भाग केले तर गांधार येतो सुमारे २४९ चा आणि पंचम २९८.७५ चा. दोघेही उतरले, आणि प्रमाणाने पाहिले तर जवळजवळ सारखेच उतरले. मात्र कोमल गांधार, जो २४० चा हवा, तो अगदी नेमका पडतो.

२४ भाग करावे, म्हणजे बाराच्या दुप्पट, तर वाटेल की काम झाले. पण नाही! गांधार पुन्हा २५२ आणि पंचम पुन्हा २९९.७. प्रत्येक पायरी अर्धी केली तरी जुन्या पायऱ्या होत्या तिथेच राहिल्या, आणि २५० जवळ नवी पायरी काही आली नाही. तुकडे वाढवले की अचूकपणा वाढतोच असे नाही, हा धडा ह्या चोवीसने मला शिकवला. अरबी संगीतात कोमल आणि शुद्ध गांधारांच्या मधला एक सूर असतो. त्याच्यासाठी मात्र हे पाव-सूर उपयोगी पडतात. पण तिथेही सगळे एकमताचे नव्हते. १९३२ साली कैरोला अरबी संगीताची मोठी परिषद भरली, तिच्यात ह्या चोवीस सारख्या भागांवर कडाक्याचा वाद झाला. आमचे सूर असे एका मापाने मोजता येत नाहीत, हे तिथल्या कित्येक वादकांचे म्हणणे होते.

३१ भागांचा पुरस्कार केला क्रिस्टियान हायगेन्स ह्याने, १६९१ साली. शनीभोवतीचे कडे ओळखणारा आणि लंबकाचे घड्याळ बनवणारा हाच तो हायगेन्स. त्याच्या नाण्यात गांधार २५०.१ चा येतो. वा! पंचम मात्र २९९.१, थोडा ढिला. अड्रियान फोकर ह्या डच शास्त्रज्ञाच्या आराखड्यावरून १९५० साली हार्लेमच्या टेलर संग्रहालयात ३१ भागांचा एक मोठा ऑर्गन उभा राहिला. पुढे तो ॲमस्टरडॅमला हलवण्यात आला.

आणि ५३? इथे पंचम २९९.९९ आणि गांधार २४९.८. दोन्ही देणी जवळजवळ चुकती! त्रेपन्न पंचम चढले की एकतीस सप्तकांची गाठ जवळजवळ बसते, हे चिनी पंडित चिंग फांग ह्याने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातच पाहिले होते. तुर्की संगीताचे शास्त्र आजही सप्तकाचे ५३ सूक्ष्म भाग धरूनच मांडले जाते. इंग्लंडात बोझँकेट नावाच्या विद्वानाने १८७२-७३ च्या सुमारास ह्या हिशेबाची एक हार्मोनियमसुद्धा बनवून घेतली. पण दर सप्तकाला पन्नासावर पट्ट्या, त्याही ओळींवर ओळी रचलेल्या! ती वाजवायला हाताला किती बोटे हवीत ह्याचा विचार वाचकांनीच करावा. म्हणजे सूर नेमके हवे तर वाद्य अवघड होते, आणि वाद्य सोपे हवे तर कोणाचा तरी सूर दुखावतो.

वाचक एव्हाना विचारत असतील, "हे सगळे परदेशचे झाले, आपल्या २२ श्रुतींचे काय?" मीही ह्याच प्रश्नाकडे उत्सुकतेने वळलो. मनात म्हटले, आपल्या पूर्वजांनी २२ निवडले त्यात खुबी असणार. म्हणून सप्तकाचे २२ सारखे भाग करून पाहिले. गांधार २४९.३५, म्हणजे बरा. पण पंचम ३०१.२! सव्वा आंदोलनाने चढा. तंबोऱ्याच्या तारांवर हा पंचम लावला तर एकही गवई मांडी घालून बसणार नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ४, ३, २, ४, ४, ३, २ अशा श्रुती सांगितल्या, आणि ज्या दोन स्वरांत ९ किंवा १३ श्रुतींचे अंतर असते ते एकमेकांचे संवादी, असेही सांगितले. सा आणि पंचम ह्यांच्यात बरोबर १३ श्रुती येतात. ज्यांचा संवाद मुनींनी असा गौरवला, त्यांना ते असे बेसूर कसे ठेवतील? तेव्हा निदान माझ्या बुद्धीला असे दिसते की श्रुती सारख्या मापाच्या नव्हत्या.

ह्या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रात केवढा वाद झाला आहे! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांचे साहाय्य होते. श्रुती लहानमोठ्या आहेत असे त्यांचे मत. त्यांच्या बाजूला आयसीएस न्यायाधीश क्लेमंट्स होते. त्यांनी तर खास श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली. १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून मोठी खडाजंगी झाली. पंडित भातखंड्यांना तिचे स्वर पटले नाहीत. जुन्या ग्रंथकारांनी श्रुती सारख्याच धरल्या होत्या आणि आजच्या गाण्याला बारा स्वरांचा पाया पुरे, अशी त्यांची भूमिका. तरी ह्या कल्पनेची भुरळ काही ओसरत नाही. आपल्याच काळात डॉ. विद्याधर ओक ह्यांनी २२ श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध केली आहे.

मी संगीतातला अधिकारी नव्हे. पण वर्गात वृत्ते शिकवताना मला एक गोष्ट रोज दिसते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, असे आपण मोजतो. पण कोणी कविता तन्मयतेने म्हणू लागला आणि घड्याळ लावून पाहिले, तर त्याचा गुरू लघूच्या नेमका दुप्पट कधीच नसतो. म्हणून मात्रा खोट्या ठरत नाहीत. मात्रा ही गणती आहे, लांबी नव्हे. श्रुतीही अशीच गणती असेल का? भरतमुनींनी आपल्या प्रयोगात दोन वीणा घेतल्या, एक स्थिर आणि एक उतरवत नेण्याची. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादवांच्या आश्रयाने राहणाऱ्या शार्ङ्गदेवाने तो प्रयोग बावीस-बावीस तारांच्या वीणांवर सांगितला. दोघांनीही तारांच्या लांबीचे आकडे दिलेले नाहीत. निवाडा कानावर सोपवला आहे. आणि गंमत अशी की, त्या प्रयोगात पंचम पहिल्यांदा ज्या एका प्रमाणश्रुतीने उतरवतात, तिचे माप आजचे बहुतेक अभ्यासक ८१ ला ८० असे धरतात. माझ्या सौ.चा पंचम ३३७.५ वरून ३३३ वर पडला, ते माप नेमके हेच! आमच्या घरातले भांडण एवढे पुरातन असेल अशी मला कल्पना नव्हती.

पेटीवरचा राग तर सर्वश्रुत आहे. १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली, ती साथीपुरती उठायला १९७१ साल उजाडले. तिच्यातून मींड निघत नाही आणि तिचे स्वर ठोकळेबाज, हे आक्षेप खोटे नव्हेत. पण ह्याच पेटीने गोविंदराव टेंब्यांच्या बोटांतून मैफली रंगवल्या आणि गावोगावच्या देवळांत भजने तोलून धरली, हेही खोटे नव्हे. शिवाय दोष केवळ बाराचा असता, तर ५३ पट्ट्यांनी तो फिटला असता. मींड तरीही निघाली नसती. १९६३ साली जैरजभॉय आणि स्टोन ह्या अभ्यासकांनी उत्तर हिंदुस्तानी कलावंतांचे स्वर यंत्राने मोजले. कलावंताकलावंतात फरक पडला, आणि एकाच गाण्यात तोच स्वर थोडा इकडे-तिकडे झालेला आढळला. गळ्याला प्रत्येक वेळी नवा गांधार लावण्याची मुभा असते. वाटणीची गरज पडते ती ज्या वाद्याचे सूर एकदा मिळवून अनेकांनी वापरायचे असतात त्याला.

हे सगळे मी एका संध्याकाळी कन्येला आकड्यांनिशी समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे आजोबांची पेटी बेसूर नव्हती?"

"नव्हती. ती सगळ्यांची होती. मंडळात कोणी काळी एक धरायचा, कोणी पांढरी तीन. प्रत्येकाला थोडं सोसावं लागलं, म्हणून सगळ्यांना एकत्र गाता आलं."

"मग माझा गांधार?"

"तो पेटीत शोधू नकोस."

मिस्त्री पुन्हा आले तेव्हा मी त्यांना बारा सारखेच ठेवायला सांगितले. त्यांनी उतरलेले तीन सूर काढले, कानसेने टोकाशी हलकेच घासून चढवले, आणि पेटी लावून दिली. कन्येसाठी आम्ही तंबोरा घेतला. मिस्त्रींनीच ओळखीतून जुना, पण चांगल्या भोपळ्याचा मिळवून दिला. पहिले आठ दिवस तिला काही सापडेना. मग एके दिवशी पहाटे मी अर्धवट झोपेत असताना ती खर्जावर कान लावून बसली होती. बराच वेळ तिने आवाज दिलाच नाही. मग गांधार लावला. मला काही कळते असे नाही, पण सौ. चहाचे आधण टाकता-टाकता थांबली, एवढे मी पाहिले.

बाई अजून काही बोललेल्या नाहीत. "आता पंचमाकडे बघू," एवढेच म्हणाल्या, आणि ते ऐकून कन्या नाचत घरी आली.

यंदा नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नान झाल्यावर, ती तंबोऱ्यावर भूप म्हणणार आहे, आणि तिचे झाले की सौ. पेटीवर भजन म्हणणार आहे, काळी पाचमध्ये. वडिलांच्या पेटीतला गांधार अजून दोन आंदोलनांनी चढाच आहे. आम्ही तो तसाच ठेवला आहे.